आगगाडीचा गचका आणि दोन आकडे



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती फारशी चुकीचीही नसते. आज मात्र मी खेळण्यातल्या आगगाडीवर बोलणार आहे. व्याख्यानमालेच्या चालकांना मी हा विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा संकोच मी समजू शकतो. पण या छोट्या गाडीत सुटणे आणि थांबणे या दोन क्रियांसाठी दोन आकडे भरलेले असतात. ते आकडे कसे बसवतात हे मी आज सांगणार आहे, आणि ते सांगता सांगता आपण सगळे ज्या मोठ्या यंत्रांजवळ काम करतो त्यांच्यापर्यंत कसे येऊन पोचतो, तेही दाखवणार आहे.

मी इंजिनिअर नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीशी संपले. पुढचे जे काही आहे ते रद्दीच्या दुकानातून आणलेली आयटीआयची पुस्तके, जाणत्या फिटरांची संगत आणि चुका, यांतून आले आहे. आपल्या या विष्णुपुरीत १९८१ पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे; तिथले प्राध्यापक आणि विद्यार्थी समोर बसलेले मला दिसतात. माझे काही चुकले तर त्यांनी शेवटी उठून सांगावे. मात्र मध्येच हसू नये, एवढीच विनंती.

मालधक्क्यावरची शाळा

१९८७-८८ च्या सुमारास मी नांदेडच्या मालधक्क्यावर हमाली करत होतो. तेव्हा मनमाडहून परभणी, नांदेडवरून सिकंदराबादकडे जाणारा आपला मार्ग मीटरगेजचा होता. मालगाडीचे शंटिंग आम्ही रोज पाहत असू. इंजिन पुढे सरकले की पहिल्या वाघिणीचा जोड ताणला जाई, मग दुसरीचा, मग तिसरीचा. आणि ‘खड्, खड्, खड्’ असा आवाज गाडीच्या अंगावरून मागे धावत जाई. इंजिनाजवळ तो नुसता आवाज असे, पण शेवटच्या डब्याशी पोचेपर्यंत त्याचा गचका झालेला असे.

याचे कारण सोपे आहे. दोन वाघिणींमधल्या जोडात थोडी ढील असतेच. समजा, प्रत्येक जोडात ५ सेंटिमीटर ढील धरली, तर ४० वाघिणींच्या गाडीत ती २ मीटर होते. म्हणजे इंजिन २ मीटर पुढे जाऊन वेग धरते, तोवर शेवटचा डबा जागचा हललेलाही नसतो. मग उभ्या असलेल्या त्या डब्याला चालत्या गाडीचा वेग एका क्षणात घ्यावा लागतो. त्या शेवटच्या डब्यात गार्ड बसलेला असे. २०२२ पासून रेल्वेने गार्डाला ट्रेन मॅनेजर असे नाव दिले आहे. नाव बदलले तरी गाडीच्या शेपटाकडचे गचके त्याच्याच वाट्याचे. एक म्हातारे गार्ड आम्हा पोरांना सांगत, की ड्रायव्हर कसा आहे हे इंजिनाकडे पाहून कळत नाही, शेवटच्या डब्यात बसून कळते. ते वाक्य पुढे तीस वर्षे माझ्या उपयोगी पडले.

तर गचका म्हणजे काय? वेग म्हणजे गचका नव्हे. ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत आपण चहा पितो. गचका बसतो तो वेग बदलताना; आणि बदल जितक्या थोड्या वेळात, तितका गचका मोठा. वेग शून्यावरून शंभरावर न्यायला एक मिनिट दिले तर पेला हलत नाही. पाच सेकंद दिले तर पेला आणि पिणारा दोघेही समोरच्या बाकावर जातात. माझा सारा विषय या एका वाक्यात आहे: वेग बदलायला वेळ किती दिला?

मराठवाड्याचे तीन रूळ आणि लहान गाडीचे मोजमाप

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. युनियनच्या कामासाठी पुण्याला गेलो असता मी ते पहिल्यांदा पाहिले. लहान मुले गाड्यांच्या रंगांकडे पाहत होती. मी पाहत होतो ते गाडी फलाटाशी कशी येते ते. ती खेळण्यासारखी टक्कन थांबत नव्हती. हळूहळू वेग सोडत, शेवटी जणू श्वास सोडून उभी राहत होती. हे कसे साधतात, हा किडा तेव्हा माझ्या डोक्यात शिरला.

या छंदात सर्वांत रूढ असलेले मोजमाप १ ला ८७ असे आहे. म्हणजे खऱ्या गाडीचे ८७ मीटर म्हणजे छोट्या गाडीचा १ मीटर. या मापाला एचओ म्हणतात आणि त्याच्या दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर असते. हे अंतर युरोप-अमेरिकेच्या रुळांवरून ठरलेले आहे. आपले हिशेब निराळे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. तो ८७ ने भागला तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. जुना मीटरगेज भागला तर साडेअकरा. आणि लातूरकरांची बार्शी लाईट रेल्वे? ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअराने बांधली. १८९७ साली तिचा पहिला टप्पा सुरू झाला, १९११ साली ती लातूरला पोचली आणि १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. तिचा रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा. तो भागला तर पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि बाजारात ९ मिलिमीटरचा छोटा रूळ तयार मिळतो! ज्या गाडीने आमच्या आजोबांना पंढरीच्या वाटेला लावले, तिची प्रतिकृती करायला आज रूळ विकत मिळतो, याची मला मोठी मौज वाटते.

आमच्या अभ्यासवर्गात एका सभासदाच्या मुलाने एक जुने एचओ इंजिन, तीन डबे आणि नियंत्रक आणला. मुलगा वीजशास्त्र शिकत होता. १२ फूट लांबीच्या फळीवर आम्ही रूळ ठोकले, आणि रविवारी सकाळी पगारपत्रक वाचायला शिकवायचे ते काम संपले, की तासभर गाडी चालवू लागलो.

तिकीट नंबराची पद्धत

जुन्या पद्धतीच्या खेळगाडीत मोटर साधारण १२ व्होल्टची असे, आणि रुळांत जितका दाब सोडाल तितक्या वेगाने गाडी पळे. बटण फिरवले की वेग वाढला, उलटे फिरवले की कमी झाला. यात अडचण अशी, की रुळावर दोन इंजिने असली तर दोन्ही एकदम पळतात. दोन्ही एकच वीज खातात, मग वेगळे वागणार कशी?

नव्या, म्हणजे अंकीय पद्धतीत रुळांतला दाब कायम पूर्ण ठेवतात. तो कमीजास्त करत नाहीत, तर त्याची दिशा अतिशय जलद उलटसुलट करतात, आणि त्या उलटसुलट होण्यातच हुकूम दडवतात. एका सेकंदाचे १० लाख भाग करा. वीज ५८ भाग एका दिशेने आणि ५८ भाग उलट दिशेने गेली, तर ती एकाची खूण. दोन्हीकडे १०० किंवा अधिक भाग गेली, तर ती शून्याची खूण. अशा एक-शून्यांच्या रांगेत आधी इंजिनाचा नंबर येतो, मग हुकूम येतो आणि शेवटी पडताळ्याचा आकडा येतो. पडताळा जमला नाही, तर इंजिन तो हुकूम मानतच नाही. ही पद्धत १९८० च्या दशकात जर्मनीतल्या बेर्न्ड लेन्झ यांनी विकसित केली, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने ती सर्वांसाठी मानक म्हणून स्वीकारली. तिला थोडक्यात डीसीसी म्हणतात. मानक उघडे असल्यामुळे एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकावर चालते. कारागिराला कोणा एकाच्या दावणीला बांधून न ठेवणारी अशी व्यवस्था मला तत्त्वतःच आवडते.

प्रत्येक इंजिनाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक चकती असते. तिला डिकोडर म्हणतात. कारखान्याच्या फाटकाशी भोंग्यावरून तिकीट नंबर पुकारतात, तेव्हा ऐकतात सगळे, पण उठतो तो त्या नंबराचा कामगार. डिकोडरचे तसेच आहे. ‘तीन नंबर, पुढे, निम्म्या वेगाने’ असा हुकूम रुळावरच्या सगळ्या इंजिनांना ऐकू जातो. चालू लागते ते तीन नंबरचे.

दोन आकड्यांचे कप्पे

या डिकोडरमध्ये क्रमांक घातलेले कप्पे असतात. इंग्रजी अद्याक्षरांवरून त्यांना सीव्ही म्हणतात. प्रत्येक कप्प्यात ० ते २५५ यांपैकी एक आकडा राहतो. वीज बंद केली तरी तो पुसला जात नाही. सीव्ही १ मध्ये इंजिनाचा नंबर असतो. नवे इंजिन कारखान्यातून बहुधा ३ हा नंबर घेऊन येते. सीव्ही २ मध्ये गाडी हलू लागण्यापुरता सुरुवातीचा दाब, सीव्ही ५ मध्ये कमाल वेगाचा दाब आणि सीव्ही ६ मध्ये मधल्या वेगाचा. आपल्याला आज हवेत ते सीव्ही ३ आणि सीव्ही ४. सीव्ही ३ वेग वाढण्याची संथगती ठरवतो. सीव्ही ४ वेग उतरण्याची, म्हणजे ब्रेकची.

यांत शून्य भरले, तर आपण बटण फिरवताच गाडी ताबडतोब तो वेग घेते. आकडा जितका मोठा, तितकी ती सावकाश. मानकात याचा हिशेब दिला आहे. आकड्याला ०.८९६ ने गुणा. जितके सेकंद येतील तितक्या वेळात गाडी शून्यावरून पूर्ण वेगावर जाते. सीव्ही ३ मध्ये ३३ भरले तर सुमारे ३० सेकंद. २५५ भरले तर २२८ सेकंद, म्हणजे पावणेचार मिनिटांहून अधिक. प्रत्यक्षात निरनिराळ्या कंपन्यांचे डिकोडर या हिशेबापासून थोडेफार ढळतात. म्हणून पुस्तकातला आकडा आरंभाला धरावा आणि शेवटचा शब्द घड्याळाला द्यावा.

नवशिका इथे जी चूक करतो ती मीही केली. मी पहिल्याच दिवशी सीव्ही ३ आणि ४ मध्ये मोठमोठे आकडे भरले. गाडी इतकी सुस्त झाली की बटण फिरवले तरी हलेना. ती बिघडली असे समजून मी बटण पूर्ण फिरवले. थोड्या वेळाने ती निघाली, वेग धरत गेली, आणि मी बटण बंद केल्यावरही निवांतपणे चालत राहून फळीच्या टोकावरून खाली पडली. तिने माझा प्रत्येक हुकूम मानला होता. पण तिला वेळ किती दिला आहे, हे मीच विसरलो होतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. तो असा:

पहिले काम, रूळ आणि चाके स्वच्छ पुसावीत आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटे दोन्ही दिशांना चालवून मोकळे करावे. रुळावर घाण असली की वीज तुटते, आणि वीजच तुटली तर सीव्ही ४ मधला सौम्य ब्रेक काय कामाचा? गाडी जागच्या जागी खिळते. यंत्राचा दोष आकड्यांनी झाकता येत नाही.

दुसरे काम, सीव्ही ३ आणि सीव्ही ४ दोन्ही शून्य करावेत. संथगतीचा पडदा असेपर्यंत इंजिनाचा मूळ स्वभाव दिसत नाही.

तिसरे काम, सीव्ही २ थोडा थोडा वाढवत, वेगाच्या पहिल्याच पायरीवर इंजिन मुंगीसारखे सरकू लागेल असा आकडा शोधावा. मग सीव्ही ५ ने कमाल वेग खऱ्या गाडीच्या प्रमाणात आणावा, आणि सीव्ही ६ त्या दोहोंच्या मध्ये बसवावा.

चौथे काम, सीव्ही ३ घड्याळ लावून ठरवावा. आणि पाचवे, सीव्ही ४ मोजपट्टी लावून ठरवावा. घड्याळ एकाला आणि मोजपट्टी दुसऱ्याला का, ते आता सांगतो.

थांबायला जागा किती लागते

गाडी सुटते तेव्हा पुढे मोकळी वाट असते. पाच सेकंद इकडेतिकडे झाले तर कोणाचे बिघडत नाही. पण थांबायचे असते ते विशिष्ट जागी. फलाट संपण्याआधी, सिग्नलच्या अलीकडे, पुढच्या गाडीच्या मागे. तेव्हा ब्रेकचा खरा हिशेब जागेचा असतो.

खरी गाडी ताशी १०० किलोमीटरने येत आहे आणि १ किलोमीटरमध्ये थांबते असे धरू. तिला सुमारे ७२ सेकंद लागतात. छोट्या गाडीत हे अंतर ८७ ने भागून साडेअकरा मीटर होते, आणि वेग सेकंदाला ३२ सेंटिमीटर. वेळ मात्र तेवढाच राहतो, ७२ सेकंद. घड्याळ लहान होत नाही! सीव्ही ४ मध्ये ८० भरले की हा वेळ साधतो. परंतु आमची फळी १२ फुटांची, म्हणजे पावणेचार मीटरांहूनही कमी. म्हणजे अगदी खऱ्यासारखी थांबणारी गाडी आमच्या फळीवर थांबूच शकत नाही. ती माझ्यासारखीच टोकावरून खाली जाते.

मग तडजोड करावी लागते. आम्ही ठरवले, की पूर्ण वेगातून गाडी १ मीटर ६० सेंटिमीटरमध्ये थांबावी. वेग एकसारखा उतरत असेल तर सरासरी वेग निम्मा, म्हणजे सेकंदाला १६ सेंटिमीटर. १६० ला १६ ने भागले, १० सेकंद आले. १० ला ०.८९६ ने भागले, ११ आले. सीव्ही ४ मध्ये ११ भरले, रुळाशेजारी खडूने रेघ ओढली, आणि इंजिन रेघेवर येताच बटण शून्यावर आणले. तीनदा मोजले, गाडी सरासरीने १ मीटर ८५ सेंटिमीटरवर थांबली. आकडा ९ केला. आता ती दीड मीटरवर थांबू लागली, आणि १० सेंटिमीटर हाताशी राहिले. आम्ही तिथेच थांबलो. जागेच्या बाबतीत शिल्लक ठेवावी, हा नियम संसारात आहे तसाच इथेही आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तिथे भलेभले फसतात. वेग निम्मा केला तर थांबायला जागा किती लागेल? बहुतेक जण म्हणतात, निम्मी. तसे नाही. वेग निम्मा म्हणजे थांबायचा वेळ निम्मा, आणि त्या वेळातला सरासरी वेगही निम्मा. म्हणून जागा पाव लागते. १६० च्या जागी ४० सेंटिमीटर. आणि पाव वेगाला तर फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे सोळावा हिस्सा. हेच उलटे वाचा: वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट जागा. आपला नांदेड-लातूर रस्ता ज्यांनी रात्री मोटारसायकलवरून केला आहे त्यांनी हे वाक्य उशाशी लिहून ठेवावे.

आणखी दोन सूचना देतो. नियंत्रकावर तातडीच्या थांब्याचे बटण असते. ते दाबले की डिकोडर सीव्ही ४ ला विचारत नाही, मोटर तत्क्षणी थांबवतो. हे बटण अपघातासाठी आहे. रोजच्या थांब्याला वापरू नये, दातेरी चाके झिजतात. आणि दुसरी सूचना: आकडे भरण्यासाठी जो वेगळा रुळाचा तुकडा असतो, त्यावर एका वेळी एकच इंजिन ठेवावे. तिथे दिलेला आकडा नंबर न पाहता समोर असेल तो प्रत्येक डिकोडर घेतो. आणि भरलेला प्रत्येक आकडा वहीत लिहावा. पुष्कळ डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ भरले, की सारे कप्पे कारखान्याच्या मूळ आकड्यांवर जातात. वही नसेल तर मेहनत पाण्यात.

दोन इंजिने एका गाडीला

चढावर जड गाडीला दोन इंजिने लावतात. छोट्या गाडीतही लावता येतात. एका इंजिनाचा सीव्ही ३ समजा १० आहे आणि दुसऱ्याचा ३०. हुकूम एकच, ‘चला.’ पहिले ९ सेकंदांत पूर्ण वेगावर जाऊ पाहते, दुसऱ्याला २७ सेकंद हवेत. मग पहिले ओढते, दुसरे आडवे लागते, चाके जागच्या जागी फिरतात आणि मधले डबे रुळावरून उतरतात. दोन्ही इंजिने चांगली असतात, दोष कोणाचाच नसतो. पण मेळ नसतो. म्हणून अशा वेळी आधी दोघांचे वेग जुळवतात, मग दोघांच्या सीव्ही ३ आणि ४ मध्ये सारखे आकडे भरतात. जोडगाडीपुरता हा आकडा वरखाली करण्यासाठी सीव्ही २३ आणि २४ हे निराळे कप्पेही मानकात दिले आहेत. एकजुटीवर मी आयुष्यात पुष्कळ भाषणे केली; पण एकजुटीला नुसती तळमळ पुरत नाही, गतीही जुळवावी लागते, हे माझ्या सभासदांना पटले ते या दोन इंजिनांमुळे.

क्रेनमधला आकडा

आता मूळ मुद्द्यावर येतो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका कारखान्यात रात्रपाळीला अपघात झाला. छताखाली चालणाऱ्या क्रेनला लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा टांगलेला होता. क्रेन थांबली, गठ्ठा झुलला आणि खाली उभ्या असलेल्या मदतनिसाचा हात मागच्या थप्पीत चेपला. दोन बोटे गेली. चौकशीत निष्कर्ष निघाला, की क्रेन चालवणाऱ्याने निष्काळजीपणा केला. त्याने क्रेन एकदम थांबवली. त्याला आरोपपत्र मिळाले.

तो मनुष्य वीस वर्षे क्रेन चालवत होता. तो मला एवढेच सांगत राहिला, की मी नेहमीसारखेच बटण सोडले, पण हल्ली ती अशीच थांबते. ‘हल्ली’ हा शब्द माझ्या कानात अडकला. पूर्वी क्रेनचा वेग त्याच्या हातात असे. पुढे तिला इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसला होता. ड्राइव्ह म्हणजे काय? तर मोठा डिकोडर! त्यातही कप्पे असतात. त्यातही एक आकडा वेग घेण्याच्या सेकंदांचा आणि एक वेग सोडण्याच्या सेकंदांचा. चालवणारा फक्त बटण सोडतो. थांबायचे कसे, हे तो कप्पा ठरवतो.

मी चौकशीत विचारले, तो आकडा किती आहे? कोणाला ठाऊक नव्हते. ड्राइव्ह बसवला त्या दिवशीचा कागद काढायला लावला. त्यात थांबण्याचा वेळ ५ सेकंद लिहिला होता. मग ड्राइव्हच्या पडद्यावर पाहिले. तिथे २ सेकंद होते. मधल्या काळात उत्पादन वाढवण्यासाठी कोणीतरी तीन सेकंद वाचवले होते. कोणी, केव्हा, कोणाला विचारून, याची नोंद कुठेच नव्हती.

तीन सेकंदांनी काय होते, ते मी फळीवरच्या गाडीला दोऱ्याने नट टांगून दाखवले. टांगलेल्या ओझ्याला स्वतःचा हेलकावा असतो. ४ मीटर दोरावरचे ओझे एक पूर्ण हेलकावा सुमारे ४ सेकंदांत घेते. थांबायला त्याहून थोडा अधिक वेळ दिला तर ओझे जवळजवळ शांत उभे राहते. तो वेळ हेलकाव्याच्या निम्म्यावर आणला तर ते जोराने पुढे झेपावते. सीव्ही ४ मोठा असताना नट नुसता थरथरला. आकडा लहान करताच तो समोरच्या डब्यावर आपटला. पाहणाऱ्यांना निराळे स्पष्टीकरण लागले नाही.

आरोपपत्र मागे घेतले गेले. गेलेली बोटे परत आली नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याने क्रेनची कसून तपासणी १२ महिन्यांतून एकदा तरी करण्याचे बंधन घातले होते. त्या क्रेनचीही तपासणी झालेली होती: दोर पाहिला, आकडी पाहिली, साखळ्या पाहिल्या. त्या लोखंडी आकडीला सर्वांनी हात लावून पाहिले. ड्राइव्हमधला आकडा कोणी उघडून पाहिला नाही.

तेव्हापासून आमच्या युनियनच्या मागणीपत्रात एक ओळ असते. क्रेन, ट्रॉली, लिफ्ट, पट्टा, जे यंत्र आकड्यावर चालते आणि आकड्यावर थांबते, त्याचा वेग घेण्याचा व सोडण्याचा वेळ यंत्राच्या अंगावर मराठीत लिहिलेला असावा. आणि तो बदलला तर तारीख, कारण आणि बदलणाऱ्याची सही असावी. यात एक पैसाही लागत नाही. तरी या एका ओळीवर आम्हाला पगारवाढीहून अधिक वाटाघाटी कराव्या लागल्या, याचे कारण आपण ओळखले असेलच. लपलेल्या आकड्याचा दोष बटण दाबणाऱ्यावर ढकलता येतो. लिहिलेल्या आकड्याचा ढकलता येत नाही.

बंधुभगिनींनो, इथून थोड्या अंतरावर गोदावरीवर आपले धरण आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडतात तेव्हा आधी खालच्या गावांना खबर जाते, कारण वर एक माणूस दरवाजा किती आणि केव्हा उचलतो यावर खाली कोणाची तरी गुरे आणि घरे अवलंबून असतात. खालच्या माणसाला वरचा आकडा कळला पाहिजे, हे नदीच्या बाबतीत आपण मान्य केले आहे. यंत्राच्या बाबतीत ते अजून पुष्कळ ठिकाणी मान्य व्हायचे आहे.

विद्यार्थी मित्रांना माझे शेवटचे सांगणे आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या असे आकडे भरणार आहात. आकडा भरण्यापूर्वी एकदा शेवटच्या डब्यात जाऊन बसा. आणि कामगार बंधूंना सांगणे असे, की आकडा माझ्या समजण्यापलीकडचा आहे असे कधी म्हणू नका. ० ते २५५ मोजता येणाऱ्या कोणालाही तो समजतो. मला सातवीच्या शिक्षणावर समजला.

सभा संपल्यावर ती १२ फुटांची फळी बाहेरच्या ओसरीत मांडलेली आहे. ज्यांना आकडा भरून पाहायचा असेल त्यांनी अवश्य यावे. टोकाला आता आम्ही एक उशी ठेवली आहे.